तोंडावरची गोळी

येरमाटोला, आलापल्लीच्या पुढे
१८ जून

प्रिय दिव्यानीताई,

पत्र बघून घाबरू नकोस. इथे कोणी आजारी नाही, कोणाशी भांडणही नाही. मेमधल्या वादळात टॉवर बंद पडला तो पडलाच. आता फोन लावायचा तर रोशनसोबत मचाणाच्या टेकडीवर चढावं लागतं. तिथे उभं राहून मावसबहिणीशी तोंडावरच्या पुटकुळ्यांची चर्चा करायची आणि बाजूला चार वनमजूर कान लावून उभे, हे मला जमणार नाही. म्हणून पत्र. देवाजीभाऊ कंडक्टर गोंडपिपरीचेच आहेत, ते तुझ्या पार्लरवर आणून देतील. उत्तर त्यांच्याकडेच दे. ते आलापल्लीच्या चहाच्या टपरीवर ठेवतात आणि बांबूच्या डेपोकडे येणारा कोणीतरी इथे आणून देतो. नवरा वनरक्षक असल्याचा एवढाच काय तो फायदा आहे.

तर मुद्दा तोंडाचा. हनुवटीवर आणि दोन्ही गालांवर अशा पुटकुळ्या उठल्या आहेत की आरसा मी उलटा करून ठेवला आहे. दहावीतही मला एवढ्या नव्हत्या. हळद लावून झाली, मुलतानी माती लावून झाली, शेजारच्या म्हातारीने कसलीशी साल उगाळून दिली तीही लावली. सासूबाई पावसाळ्यापुरत्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्या म्हणतात, "राहू दे, आपोआप जाते." आणि रोशनने परवा फोटो काढला तो मोहाच्या झाडाचा, मी बाजूला उभी असून.

तुझ्या लग्नाआधी तुझं तोंड कसं झालं होतं आणि नंतर कसं निघालं, ते सगळ्या घराने पाहिलं आहे. तू चंद्रपूरच्या डॉक्टरचं काहीतरी घेत होतीस ना? तेच पाठव. पार्लरमधलं थातूरमातूर नको.

बाकी बरं आहे. जेवण जात नाही, चहाचा वास सहन होत नाही, पित्त असेल. मावशीला आणि धनराज भाऊजींना नमस्कार.

तुझी,
करिष्मा


गोंडपिपरी
२४ जून

प्रिय करिष्मा,

माझ्या पार्लरमधलं थातूरमातूर! अगं, या थातूरमातूरवर तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या बोहल्यावर चढल्या आहेत, तूही त्यातलीच. तुझ्या हळदीच्या दिवशी तुझ्या नाकावरचा तो एकच लालबुंद फोड मी कसा झाकला होता, ते विसरलीस वाटतं.

पण खरं सांगायचं तर तुझं बरोबर आहे. माझ्या पुटकुळ्या क्रीमने गेल्याच नव्हत्या. मी गेले होते चंद्रपूरला, चामडीच्या डॉक्टरकडे. तुला पार्सल पाठवते आहे. त्यात एक जेल आहे, ते इथल्या मेडिकलमध्ये कोणीही मागितलं तरी मिळतं. रात्री तोंड धुऊन वाटाण्याएवढं लावायचं. पहिले काही दिवस आग होईल, साल निघेल, घाबरायचं नाही. मी पार्लरमधल्या पोरींना तेच देते.

आणि खरी गोष्ट म्हणजे गोळ्या. मऊ, तेल भरल्यासारख्या असतात. माझा कोर्स पूर्ण व्हायच्या आधी लग्न ठरलं, म्हणून एक पूर्ण पट्टी आणि एक अर्धी अशीच कपाटात राहिली होती. जेवणानंतर रोज एक. ओठ फुटतील, तूप लावायचं. मला तर देवासारख्या लागू पडल्या. डॉक्टर मात्र विचित्र होते. गोळी लिहून देताना हजार प्रश्न, कुठे सही घे, आणि वर म्हणे, "लग्न ठरलं की आधी मला सांगायचं हं." मला वाटलं, पत्रिका हवी असेल. मी सांगितलं तर म्हणाले, आता गोळी बंद करा. जेवायला काही आले नाहीत.

गोळ्या महाग आहेत, वाया घालवू नकोस. पित्तासाठी सकाळी लाह्या खा. आणि रोशनला सांग, झाडाचे फोटो काढायला सरकारने कॅमेरा दिला आहे, बायकोचे काढायला स्वतःचा आणावा.

तुझी ताई,
दिव्यानी


येरमाटोला
११ जुलै

प्रिय दिव्यानीताई,

हे पत्र खुद्द सासूबाईंच्या पिशवीत येत आहे, म्हणजे काय ते तू ओळखलंच असशील. ओळखलं नसशील तर त्या आईच्या हातावर साखर ठेवतील तेव्हा कळेल. मला तिसरा महिना लागला.

चिडू नकोस. मला तुला पहिल्याच पत्रात सांगायचं होतं. पण यांच्या घरची रीत अशी की सुनेच्या माहेरी ही बातमी सासूने स्वतः साखर घेऊन जाऊन द्यायची, आणि त्याआधी कोणी कोणाला चकार शब्द बोलायचा नाही. मी रोशनला म्हटलं, माझ्या दिव्यानीताईला सांगितल्याने काय होते? तर सासूबाईंनीच ऐकलं. म्हणाल्या, "काय होते ते मले माहीत हाय. माह्या मोठ्या जावेनं गावभर सांगतलं होतं." इथे टोल्यावर सरकारी दवाखान्याच्या आशाताईंना माहीत आहे, रोशनला माहीत आहे, बाकी कोणाला नाही. बोरिंगवर पाणी भरताना उलटी आली तर मी पायाला काटा टोचल्याचं सोंग करते. आता रोवणी लागायच्या आधी सासूबाई निघाल्या आहेत. तुमच्याकडून परस्पर त्यांच्या गावी उतरतील, धान लावून झालं की परत येतील.

तुझं पार्सल मिळालं. औषध लागू पडायला लागलं आहे. तू म्हणालीस तशी आग झाली, साल निघाली, आणि आता हनुवटी जरा माणसात आली आहे. आरसा सुलटा केला आहे. पित्त म्हणजे काय होतं ते तुला आता समजलं असेलच. लाह्या मात्र खाल्ल्या.

आईला सांग, मी नीट खाते. नाव काय ठेवायचं यावर आत्ताच भांडू नका.

तुझी,
करिष्मा


गोंडपिपरी
१३ जुलै

करिष्मा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी त्या गोळ्या बंद कर. पुढचं नंतर वाच. आधी गोळ्या बंद कर.

काल तुझ्या सासूबाई वच्छलाबाई आल्या. मावशीने मला तुमच्या घरी बोलावून घेतलं, साखर दिली, पेढे आणायला धनराजला पिटाळलं. वच्छलाबाई अशा ऐसपैस बसल्या होत्या की मला त्यांचं कौतुक वाटलं. मग त्यांनी पिशवीतून तुझं पत्र काढून दिलं आणि मी तिथेच उभ्या उभ्या वाचलं. 'औषध लागू पडायला लागलं आहे' ही ओळ दोनदा वाचली. मला सगळं नीट माहीत होतं असं नाही. पण ते हजार प्रश्न, ती सही, लग्न ठरलं की आधी सांगा, हे सगळं एकदम उलगडलं. त्यांना पत्रिका नको होती गं.

मी मागच्या दारी जाऊन चंद्रपूरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, तसंच तुला सांगते. ती गोळी पोटातल्या बाळाला फार वाईट. डोकं, चेहरा, हृदय, कशातही व्यंग येऊ शकतं, बाळ पडूही शकतं. थोडे दिवस घेतली तरी धोका असतो. दिवस असलेल्या बाईने आणि दिवस राहू शकणाऱ्या बाईनेही ती अशी घ्यायचीच नसते. बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात. जेलही त्याच जातीचं, तेही बंद कर. पण ते कातडीतून आत फारसं जात नाही, त्याची एवढी भीती नाही, असं म्हणाले. भीती गोळीची. लगेच बाईडॉक्टरला दाखवा, किती दिवस घेतली ते खरं सांगा, सोनोग्राफी करा. आणि घाबरून जाऊन गावात कोणाच्या हातून काही करून घेऊ नका.

हे सगळं मी तुझ्या सासूबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या पेढा खात होत्या. माहेरच्या माणसाने पार्सलमधून विष पाठवलं असं त्या म्हणाल्या असत्या, आणि त्यात खोटं काय होतं? तू दिवस लपवलेस, मी हे लपवलं.

संध्याकाळी आलापल्लीच्या रेंज ऑफिसला फोन केला. म्हटलं, येरमाटोल्याच्या गार्डच्या बायकोला वायरलेसवर निरोप द्या. तिथल्या माणसाने विचारलं, "काय सांगू बाई?" आता परक्या पुरुषाला हे कसं सांगू, आणि तेही अख्ख्या जंगलाला ऐकू जाणाऱ्या मशीनवर? म्हटलं, सांगा, गोळ्या बंद कर, कारण पत्रात कळेल. तो बरं म्हणाला. दिला की नाही, देव जाणे.

तू लगेच अहेरीला जा. भाड्याचा, सासूचा, कशाचाही विचार करू नकोस. मला शिव्या द्यायच्या तर नंतर दे.

दिव्यानी


येरमाटोला
३ ऑगस्ट

प्रिय दिव्यानीताई,

आधी हे वाच: मी ठीक आहे, बाळ ठीक आहे. आता बस आणि पाणी पी.

तुझं पत्र मला काल मिळालं. देवाजीभाऊंनी ते वेळेवर टपरीवर ठेवलं होतं, पण त्याच दिवशी नाल्याला पूर आला. पुलावरून पाणी गेलं आणि आम्ही इकडे, जग तिकडे. एकदा उतरलं आणि पुन्हा चढलं. रोशन जीव मुठीत धरून जंगलातल्या फेऱ्या करत होता, आम्ही वरणभात खात होतो, आणि तुझं पत्र टपरीवाल्याच्या बिस्किटाच्या डब्यात कोरडंठाक पडून होतं.

पण निरोप मिळाला होता. आता तो कसा मिळाला ते ऐक. वायरलेस खरखरला आणि रेंज ऑफिसचा माणूस म्हणाला, "तुमच्या घरून निरोप हाय, करिष्माबाईनं सगळ्या गोळ्या बंद करायच्या. ओव्हर." रोशनने विचारलं कोणत्या, तर म्हणे सगळ्या. मी आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि फॉलिकच्या गोळ्या खात होते, त्याच काय त्या माझ्या गोळ्या. मला वाटलं आईने कोणाचं तरी ऐकलं, लोहाने बाळ काळं होते वगैरे. पण माहेरचा निरोप वायरलेसवरून आलेला, टाळायचा कसा? मी त्या बंद केल्या. आणि तुझं जेल मात्र इमानेइतबारे रोज रात्री लावत राहिले, कारण जेल म्हणजे काही गोळी नाही. जे खायचं ते सोडलं आणि जे सोडायचं ते लावलं. आशाताईंनी कपाळाला हात लावला.

काल पत्र वाचलं आणि आजच पुलावरून गाडी गेली तशी रोशनने मला अहेरीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, तोंड टाकून बोलत नाहीत. जेलची ट्यूब बघून म्हणाल्या, हे गरोदरपणात लावायचं नसतं, आता थांबव. पण वाटाण्याएवढं जेल चेहऱ्यावर लावलं म्हणून बाळाला काही झालं असं समजून रात्र जागवू नकोस. सोनोग्राफीत ठोके ऐकवले. मी विचारलं, मग तोंडाचं काय करू? हसल्या. म्हणाल्या, गरोदरपणात पुष्कळींना येतात, बाळ झाल्यावर बहुतेक जातात. साध्या साबणाने धू, फोडू नकोस. फारच झालं तर बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अझेलिक अ‍ॅसिडचं मलम चालते, पण आधी मला दाखवून. मेडिकलवाल्याने दिलं म्हणून नाही, बहिणीने दिलं म्हणूनही नाही. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. गोरं करणाऱ्या क्रीमलाही हात लावायचा नाही, त्यांत काय काय मिसळलेलं असते ते डबीवर कधीच खरं लिहिलेलं नसते म्हणाल्या. तुझ्या पार्लरमधल्या त्या गुलाबी डब्यांचा विचार कर.

लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू.

आता तुझ्या त्या गोळ्यांचं. मी एकही खाल्ली नाही गं. पार्सल आलं त्याच्या आधल्याच दिवशी आशाताईंनी दम भरला होता, "मले विचारल्याबिगर पोटात एक गोळी नाई जायले पायजे." मलम बाहेरून लावायचं, त्यात काय, म्हणून ते लावलं. गोळी नाही घेतली. हे मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू एवढ्या महागाच्या गोळ्या पाठवल्यास आणि मी त्या देऊन टाकल्या, हे वाचून तू रागावली असतीस.

सीताला दिल्या. कोलूची बायको, बांबूच्या डेपोवर तो कामाला असतो. आम्ही दोघी रोज बोरिंगवर भेटतो. तिच्या तोंडावर माझ्यासारख्याच पुटकुळ्या होत्या आणि ती माझ्या ट्यूबकडे असं बघायची की मला लाज वाटली. म्हटलं, घे, तोंडाची गोळी आहे, रोज एक. फेकून देण्यापेक्षा बरं. तिच्याबद्दल तू काळजी करू नकोस. ती सध्या कुर्म्यात आहे. कुर्मा म्हणजे टोल्याच्या टोकाला बायकांची झोपडी असते, पाळीच्या दिवसांत त्यांच्या आदिवासी समाजातल्या बायका तिथे जाऊन राहतात. गेल्या आठवड्यात पुरातच गेली ती. म्हणजे तिला दिवस असण्याचा प्रश्नच नाही. नाहीतर मी काल रात्रीच धावत गेले असते.

तर आता तू झोप. मी तुला शिव्या दिलेल्या नाहीत, त्या उधार.

तुझी,
करिष्मा


गोंडपिपरी
७ ऑगस्ट

प्रिय करिष्मा,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा माझ्यासमोर खुर्चीत एक नवरी बसली होती, एका भुवईला धागा मारून झालेला. ती तशीच अर्धी ठेवून मी मागे जाऊन रडले. परत आले तर ती विचारते, "काऊन वो ताई, कोणी गेलं का?" म्हटलं, नाही, कोणी गेलं नाही. म्हणूनच.

धनराज मला गेले तीन आठवडे म्हणत होता, "तू ते मुद्दाम पाठवलं का? मंग काऊन जीव काढून राह्यली?" रोज पार्लर उघडायचे आणि रोज वाटायचं की मावशी दारात येऊन उभी राहील. ट्रेवरच्या ट्यूबा मी सगळ्या काढून टाकल्या. आता कोणी पिंपलचं विचारलं की मी आधी विचारते, दिवस आहेत का, राहू शकतात का. लग्न न झालेल्या पोरी लाजून लाल होतात. एकीच्या आईने माझ्याशी भांडण केलं. करू दे.

वायरलेसचा किस्सा वाचून हसू आलं आणि स्वतःची चीडही आली. एक शब्द मोकळेपणाने बोलले असते तर तुझं लोह सुटलं नसतं.

सीता कुर्म्यात आहे हे वाचून दुसऱ्यांदा जिवात जीव आला. तरी पण उरलेल्या गोळ्या काढून घे आणि पुरून टाक, कोणाच्या हाती लागू देऊ नकोस. तिला सांग, महिनाभर तरी दिवस राहू देऊ नकोस. आणि एकदा तोंडाने विचार तिला, पाळीच होती ना म्हणून. काही नाही, फक्त विचार. डॉक्टरांनी मला विचारलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं, म्हणून आता मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

तिच्यासाठी एक चांगला साबण पाठवते आहे, साधाच.

तुझी ताई,
दिव्यानी


येरमाटोला
१९ ऑगस्ट

प्रिय दिव्यानीताई,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी कुर्म्याकडे गेले. सीता अजून तिथेच होती. मी तेव्हा पहिल्यांदा हिशेब केला, की पाळीला एवढे दिवस लागत नाहीत. आधी का केला नाही, ते मला सांगता येत नाही. पाऊस होता, अहेरीहून आनंदात आले होते, आणि ती बोरिंगवर दिसत नाही याचं कारण मला माहीत आहे असं मी समजून चालले होते.

मी बाहेरच उभी राहिले. ती दारातल्या ओंडक्यावर येऊन बसली. ओठ फुटून रक्त वाळलेलं, तोंड पांढरं. गोळ्या परत दे म्हटलं. "सरल्या," म्हणाली. मग मी तुझा प्रश्न विचारला.

पाळी नव्हती. दोन महिने आलीच नव्हती तिला. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कोलूलाही नाही. पोट दिसायला लागेपर्यंत बोलायचं नाही, हे तिच्या आईने शिकवलेलं, जसं मला सासूबाईंनी. पुराच्या आठवड्यात अंगावरून जायला लागलं. रक्त दिसलं की कुर्म्यात जायचं, एवढंच तिला माहीत होतं, म्हणून उठून आली. बाकीच्या बायकांनी समजायचं तेच समजलं. भाकरी आणून दारात ठेवत राहिल्या. आत काय होऊन गेलं ते तिचं तिनेच पाहिलं आणि तिचं तिनेच मातीआड केलं. त्यानंतरही रक्त थांबत नव्हतं. टोल्याला वाटलं, यंदा तिला जास्त दिवस लागत आहेत.

रोशनने जीप मागवली. डॉक्टरीणबाईंनी तिला दाखल करून घेतलं, पिशवी साफ केली, रक्ताची बाटली लावली. वेळेवर आली म्हणाल्या. मी त्यांना गोळीचं सगळं सांगितलं, कोणी दिली तेही. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, सुरुवातीच्या महिन्यांत असं गोळीशिवायही पुष्कळींचं होते. या गोळीने ती भीती वाढते. हिचं कशाने झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही. मी विचारलं, गोळीमुळे नसेलही? म्हणाल्या, नसेलही. असेलही. तू यातलं सोपं ते धरून बसू नकोस.

सासूबाई धान लावून परत आल्या आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं, तुझं नाव लपवलं नाही. मला वाटलं होतं, त्या तुला आणि आपल्या घराला वाट्टेल ते बोलतील. त्यांनी सीतासाठी मेथीचा लाडू करून माझ्याबरोबर पाठवला.

सीता काल घरी आली. मी तिच्या अंगणात बसून तिला एकेक गोष्ट सांगितली. ही गोळी माझ्यासाठी आली होती, ती कशाची होती, डॉक्टर काय म्हणाले, पुढचं बाळ होऊ शकतं, पण आधी महिनाभर थांबायचं आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. तिला मराठी पुरतं कळत नाही, म्हणून मी दोनदोनदा सांगत होते. कोलू बाजूला बसून दोरी वळत होता, त्याचे हात थांबले. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मला एवढंच विचारलं, "तुह्यासाठी आली होती तं तू काऊन नाई खाल्ली?"

मी म्हटलं, मला दिवस होते म्हणून.

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. आता ते थोडं दिसतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "मले बी होते ना वो बाई."

करिष्मा